कबुली म्हणजे पुरावा नव्हे

निकोलाय बुखारिन हे रशियन क्रांतीतील आघाडीचे नेते. १८८८ साली मॉस्कोत एका शिक्षक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०६ मध्ये ते बोल्शेविक पक्षात आले. तुरुंग भोगला, हद्दपारी सोसली. क्रांतीनंतर ते ‘प्रावदा’चे संपादक झाले. १९२७ मध्ये ट्रॉट्स्कींना पक्षाबाहेर काढताना ते स्टॅलिनच्या बाजूने उभे होते.

पण शेतकऱ्यांवर सामुदायिक शेती लादण्यास विरोध करताच १९२९ मध्ये त्यांचीही पदे गेली. चूक झाल्याचे त्यांना जाहीरपणे लिहून द्यावे लागले. कबुलीची सवय लागली ती तेथूनच.

१९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या मसुद्यात बुखारिन यांचा मोठा वाटा होता. खुली सुनावणी आणि बचावाचा हक्क त्या घटनेत लिहिलेला होता. त्याच वर्षी झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह या जुन्या सहकाऱ्यांना बनावट खटल्यात गोळ्या घालण्यात आल्या. बुखारिन यांनी त्याचे समर्थनच केले! सहाच महिन्यांत, फेब्रुवारी १९३७ मध्ये, त्यांना अटक झाली.

तीन महिने त्यांनी आरोप नाकारले. बाहेर तरुण पत्नी आना लारिना आणि वर्षाचेही न झालेले मूल होते. अखेर ते कबुलीला तयार झाले. मार्च १९३८ मध्ये एकवीस आरोपींचा खटला चालला. पुरावा एकच, आरोपींचे कबुलीजबाब. बुखारिन यांनी मोघम अपराध मान्य केला. हेरगिरी आणि लेनिनच्या खुनाचा कट मात्र साफ नाकारला. १५ मार्चला त्यांना गोळी घालण्यात आली.

अटकेपूर्वी त्यांनी पुढच्या पिढीसाठी एक पत्र आनाकडून तोंडपाठ करून घेतले होते. छावण्या आणि हद्दपारीत सुमारे वीस वर्षे काढताना तिने ते मनात जपले. मूल अनाथाश्रमात वाढले. वडील कोण, हे त्याला १९५६ पर्यंत ठाऊक नव्हते. १९८८ मध्ये बुखारिन निर्दोष ठरले. पन्नास वर्षांनी!

घटनेत हक्क होते; पण ते राखणारे स्वतंत्र न्यायालय नव्हते. आपल्या राज्यघटनेचे कलम २० (३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही. हे कलम विरोधकासाठीही तितकेच आहे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. दुसऱ्याच्या बनावट खटल्याला टाळ्या वाजवणाऱ्याचा खटला उभा राहतो, तेव्हा बोलायला कोणी उरलेले नसते.