गाडी नवी, घाई कसली? विंचूवाल्या अबार्थची गोष्ट

नवी टर्बो गाडी घरी आली की काय काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पेढे वाटले जातात, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, टायरखाली लिंबू जातं. आणि आठवडा उलटायच्या आत मित्रांच्या ग्रुपवर वेगळीच चर्चा रंगते. रिमॅप कधी मारायचा? एअर फिल्टर कोणता टाकायचा? सायलेन्सर बदलला तर आवाज कसा येईल?

पारोळ्यात तर हा प्रश्न आणखी सोपा वाटतो. एका बाजूला धुळे, दुसऱ्या बाजूला एरंडोल-जळगाव, आणि मधे सरळ हायवे. पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जरा जास्त दाबला जातो. पण गाडी बहुतेक वेळा पप्पांच्या नावावर असते आणि तिचा हप्ता घरच्या कापसाच्या पैशांतून जातो. म्हणून हा प्रश्न नुसता हौसेचा राहत नाही. पार्ट लावायचे की नाही, यापेक्षा ते कधी लावायचे हे जास्त महत्त्वाचं आहे.

याचं उत्तर शोधायला एका माणसाचं आयुष्य बघू या. नव्याकोऱ्या गाड्यांना वेगाचे पार्ट लावणं हाच त्याचा धंदा होता. त्याचं नाव कार्लो अबार्थ. तोच तो, ज्याच्या लोगोत विंचू आहे.

पट्ट्याचा टायर

अबार्थचा जन्म 15 नोव्हेंबर 1908 चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. मूळ नाव कार्ल. इटलीत स्थायिक झाल्यावर त्याचं कार्लो झालं. रास वृश्चिक, म्हणून पुढे कंपनीच्या लोगोवर विंचू आला.

त्याच्या लहानपणाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्याच्याकडे पायाने ढकलायची लाकडी चाकांची स्कूटर होती. मोठी पोरं शर्यतीत पुढे निघून जायची. मग या पठ्ठ्याने चाकांना चामड्याचा पट्टा गुंडाळला. चाकाला पकड आली आणि स्कूटर पळाली. म्हणाल तर हा त्याचा पहिला आफ्टरमार्केट पार्ट! पण लक्षात घ्या, स्कूटर कुठे कमी पडते हे त्याने आधी पाहिलं. चाक घसरत होतं, म्हणून त्याने चाकाचाच इलाज केला.

मोठा झाल्यावर तो व्हिएन्नातल्या मोटर थून या बाईक कंपनीत लागला. 1928 मध्ये त्याने एक जुनी ब्रिटिश बाईक घेऊन साल्झबर्गची शर्यत जिंकली. दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या नावाची बाईक बनवली. तेव्हा तो जेमतेम 21 वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा.

ट्रेनशी पैज

1930 मध्ये लिंझच्या शर्यतीत त्याला मोठा अपघात झाला. बरा झाल्यावर तो साईडकारकडे वळला. साईडकार म्हणजे जोडगाडी लावलेली बाईक, जुन्या हिंदी सिनेमात दिसते ना, तीच.

1934 मध्ये त्याने थेट ओरिएंट एक्सप्रेसशी पैज लावली. ही त्या काळातली युरोपातली सगळ्यात नावाजलेली ट्रेन. बेल्जियममधल्या ऑस्टेंडपासून व्हिएन्नापर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर कापायचं होतं. पहिल्या खेपेला ट्रेन जिंकली. अबार्थ काही दिवसांनी पुन्हा निघाला आणि त्या वेळी ट्रेनच्या आधी पोचला.

विचार करा, तेराशे किलोमीटर! मोकळ्या रस्त्यावर दहा सेकंद सुसाट पळणं वेगळं, आणि इतक्या लांबच्या पल्ल्यावर गाडी न थकता चालणं वेगळं. पुढे अबार्थने बनवलेल्या प्रत्येक गोष्टीत ही समज दिसते.

1939 मध्ये ल्युब्लियाना इथे दुसरा अपघात झाला. हा जीवावरच बेतला होता. बरेच महिने हॉस्पिटलात गेले आणि रेसिंगचं करिअर तिथंच संपलं.

आधी सायलेन्सर

महायुद्ध संपल्यावर अबार्थ इटलीत आला. तिथे चिझिटालिया नावाच्या छोट्या रेसिंग कंपनीत त्याला काम मिळालं. कंपनी लवकरच डबघाईला आली. 31 मार्च 1949 रोजी त्याने एका भागीदारासोबत स्वतःची कंपनी काढली, अबार्थ अँड कंपनी. जवळ चिझिटालियाच्या काही गाड्या, सुटे भाग आणि अनुभव एवढंच भांडवल होतं.

नुसत्या रेसिंगवर घर चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग विकायचं काय? त्याने निवडला सायलेन्सर. रस्त्यावरच्या साध्या गाडीला नटबोल्टने बसेल असा. इंजिन उघडायची गरज नाही. धुराला बाहेर पडायला वाट मोकळी झाली की छोट्या इंजिनाची थोडी ताकद वाढते आणि आवाजही भारदस्त येतो. काळा पाईप आणि चकचकीत शेपूट, असं त्याचं रूप. इटलीतल्या पोरांना त्याचं वेड लागलं आणि कंपनी त्यावर उभी राहिली.

इथं आपल्याकडच्या बुलेटची आठवण येणार. पण फटाके फोडणारा सायलेन्सर आणि अबार्थचा सायलेन्सर यांची तुलना करू नका. एक फक्त कान फोडतो आणि पोलिसांच्या रोलरखाली जातो. दुसरा मोजमाप करून बनवलेला असायचा.

सात दिवस, सात रात्री

1955 मध्ये फियाटने 600 ही छोटी गाडी आणली. तिचं इंजिन 633 सीसीचं. अबार्थने त्याचं 747 सीसी केलं आणि ताकद जवळपास दुप्पट केली. पण कशी, ते बघा. एक पार्ट उचलला आणि लावला, असं त्याने केलं नाही. क्रँकशाफ्ट, पिस्टन, कार्बोरेटर, सायलेन्सर हे सगळं एकमेकांना जुळेल असं बनवलं. हे पार्ट एका पेटीत भरून किट म्हणूनही विकले. एक भाग जोरात पळायला लागला की बाकीच्यांवर ताण येतो, हे त्याने ओळखलं होतं.

मग आली 1957 ची फियाट 500. दिसायला गोड, पण ताकद फक्त 13 हॉर्सपॉवर. सुरुवातीला तिला गिऱ्हाईकंच मिळेनात. अबार्थने ही नवी गाडी घेतली, इंजिन तयार केलं आणि फेब्रुवारी 1958 मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर उतरवली. सात दिवस, सात रात्री गाडी पळत राहिली. 168 तासांत 18,186 किलोमीटर, सरासरी वेग ताशी 108 किलोमीटर. सहा आंतरराष्ट्रीय विक्रम झाले.

आपल्याकडे कोणी गाडी रिमॅप केली की पहिला व्हिडिओ काय येतो? शून्य ते शंभर किती सेकंदांत. अबार्थने मात्र जगाला आठवडाभराचा हिशेब दाखवला. पार्ट लावल्यावर गाडी टिकते का, हीच त्याची परीक्षा होती. ती पास झाल्यावर फियाटचाही विश्वास बसला. पुढे अबार्थच्या गाड्यांनी शर्यत जिंकली किंवा विक्रम केला की फियाट त्याला पैसे द्यायला लागली. म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या पाठीमागे लपून नाही, तर तिच्या साथीने त्याने हे सगळं केलं.

सफरचंदांचा डाएट

मला या माणसाची सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट 1965 मधली आहे. वय जवळपास 57. एका सिंगल सीटर गाडीत स्वतः बसून विक्रम करायचा त्याने ठरवलं. अडचण अशी की गाडीच्या छोट्याशा कॉकपिटमध्ये साहेब मावेनात. गाडी मोठी करायची? त्याने स्वतःला लहान केलं. सफरचंदं खाऊन खाऊन तब्बल 30 किलो वजन उतरवलं. ऑक्टोबर 1965 मध्ये मोंझावर त्याने अ‍ॅक्सिलरेशनचे विक्रम केले आणि कंपनीच्या विक्रमांची शंभरी भरली.

वजन कमी झालं की गाडी जास्त पळते, हा साधा हिशेब आहे. डिक्कीत महिनोन्महिने पडलेलं सामान काढणं आणि टायरमध्ये हवा बरोबर ठेवणं, याला एक रुपयाही लागत नाही.

शेवटी पैशांचं गणित जमेना. 1971 मध्ये अबार्थने कंपनी फियाटला विकली. 24 ऑक्टोबर 1979 रोजी व्हिएन्नात त्याचं निधन झालं. जन्म वृश्चिक राशीत, मृत्यूही वृश्चिक राशीतच.

विंचू पुण्याजवळ

गोष्ट इथं संपत नाही, ती महाराष्ट्रात येते. 2015 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो बाहेर पडली. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 हॉर्सपॉवर, किंमत 10 लाखांच्या आत. कंपनीने नुसती ताकद देऊन सोडलं नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, सस्पेन्शन खाली आणि कडक केलं. जेवढं पळवायचं तेवढं थांबवताही आलं पाहिजे, हा अबार्थचाच धडा.

मग कधी?

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. अबार्थच्या काळातल्या त्या गाड्यांत टर्बो नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. तुमच्या गाडीत दोन्ही आहेत. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा. त्याच्या जोरावर दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. किती कोंबायची, हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. रिमॅप म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या सूचना बदलणं. म्हणूनच लॅपटॉप लावून अर्ध्या तासात ताकद वाढते आणि हे सगळं फार सोपं वाटतं. पण वाढलेला ताण क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन आणि टर्बो सगळ्यांना सोसावा लागतो.

पहिले काही महिने काहीच करू नका. रनिंग-इन पूर्ण होऊ द्या, पहिली सर्व्हिस होऊ द्या. गाडीत काही फॅक्टरीचा दोष असेल तर तो याच काळात समोर येतो आणि कंपनी फुकटात दुरुस्त करते. त्याआधी पार्ट लावले तर दोष कोणाचा, यावर वाद होणार आणि तुम्ही हरणार.

मग एक उन्हाळा जाऊ द्या. हे खास आपल्या खान्देशासाठी. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. गरम हवा विरळ असते, त्यात टर्बो ती आणखी तापवतो. इंजिनात नॉकिंग होऊ नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच ताकद थोडी आवरतो. तुमची गाडी भर उन्हात, चार माणसं आणि एसी लावून कशी चालते, हे कळल्याशिवाय तिला काय कमी पडतंय हे कळणार नाही. लाकडी चाकं आणि पट्टा आठवा.

त्यानंतर टायर आणि ब्रेक पॅड चांगले घ्या, कंपनीने सांगितलेल्या मापातलेच. गाडी लगेच विश्वासाची वाटायला लागते. खूप जणांची हौस इथंच भागते.

रिमॅपचा विचार वॉरंटी संपल्यावर. त्याआधी केला तर इंजिनाचा क्लेम नाकारला जाऊ शकतो आणि टर्बो-इंजिनाचा खर्च घरच्यांच्या डोक्यावर बसतो. इन्शुरन्सवाल्यांपासून बदल लपवला तर अपघातानंतर तिथंही हात वर होतात.

आणि कायदा विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा पाईप लावला तर गाडीचं प्रदूषण वाढतं आणि पीयूसीलाही अडचण येते. म्हणून कोणताही पार्ट घेण्याआधी आरटीओत विचारा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

वेगाचं वेड वाईट नाही. त्या वेडापायी एका पोराने स्कूटरला पट्टा बांधला आणि शेवटी जगभर पोचलेला विंचू उभा केला. पण त्याने वेग आणला तो ट्रॅकवर, मोजून, तपासून, आणि बिघडलं तर जबाबदारी स्वतःवर घेऊन. तुमच्या गाडीचा हप्ता जोवर दुसरं कोणी भरतंय, तोवर त्यांना विचारल्याशिवाय बोनेट उघडू नका. एवढं थांबलात तर तेवढ्या काळात गाडी नक्की समजलेली असेल, आणि कदाचित पार्टची गरजही उरणार नाही.