काट्यावर न दिसलेला आजार

४ फेब्रुवारी १९८३ च्या सकाळी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे आईवडिलांच्या घरी कॅरन कार्पेंटर कोसळली. तिला तातडीने रुग्णालयात नेले, पण बंद पडलेले हृदय पुन्हा चालू झाले नाही. तेव्हा ती ३२ वर्षांची होती. ‘द कार्पेंटर्स’ या बहीणभावाच्या जोडीतील ही गायिका सत्तरच्या दशकात जगभर ऐकली जात होती. थोड्याच महिन्यांपूर्वी ती उपचार घेऊन घरी परतली होती आणि तिचे वजनही वाढले होते. संकट टळले असे जवळच्यांना वाटू लागले असतानाच ती गेली. तिच्या मृत्यूच्या बातम्यांतून ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव असंख्य लोकांनी पहिल्यांदा ऐकले.

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे झाला. तिच्याहून सुमारे साडेतीन वर्षांनी मोठा असलेला रिचर्ड लहानपणापासून पियानोत तरबेज होता. त्याच्या संगीताला वाव मिळावा म्हणून १९६३ मध्ये कुटुंबाने कॅलिफोर्नियात बिऱ्हाड हलवले. घराचे वेळापत्रक मुलाच्या संगीताभोवती फिरे. कॅरनला बेसबॉलची आवड होती. हायस्कूलमध्ये ती बँडमध्ये शिरली आणि तिथे तिला ड्रमने झपाटले. मुली क्वचितच हात लावत अशा या वाद्यावर तिने अल्पावधीत प्रभुत्व मिळवले. गाणे तिच्या आयुष्यात नंतर आले. स्वतःची ओळख ती गाणारी ड्रमवादक अशीच करून देई.

१९६७ च्या सुमारास, सतराव्या वर्षी, तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्यांदा डाएट केले. अंगाने ती थोडी भरलेली होती, इतकेच. वजन उतरले आणि पुढची काही वर्षे ते स्थिर राहिले. त्या काळात तिच्यात आजाराचे लक्षण दिसत नव्हते. १९७० मध्ये ‘क्लोज टू यू’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि गावोगावी कार्यक्रम सुरू झाले. ड्रमच्या मागे बसलेली गायिका प्रेक्षकांना दिसत नाही, अशी तक्रार येऊ लागली. तिला उठवून रंगमंचाच्या पुढच्या भागात उभे केले गेले. वाद्याचा आडोसा गेला आणि हजारो नजरा थेट तिच्या शरीरावर खिळल्या.

१९७३ मध्ये कार्यक्रमातील स्वतःचे छायाचित्र पाहून ती अस्वस्थ झाली. पुन्हा आहार कमी झाला, व्यायाम वाढला. सुरुवातीला भोवतालच्या लोकांनी कौतुकच केले. कौतुक थांबले आणि काळजी सुरू झाली, तोवर तिला मागे फिरणे जमेनासे झाले होते. ताटातले अन्न ती इकडून तिकडे सरकवत राही, स्वतःच्या पानातले घास दुसऱ्यांना चाखायला देई, हाडे दिसू नयेत म्हणून एकावर एक कपडे घाली. १९७५ मध्ये तिची प्रकृती इतकी ढासळली की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले.

अशा माणसाला दोन घास जास्त खा म्हणून आग्रह केला तर ते का जमत नाही, याचा एक धागा जुन्या प्रयोगात सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत, तर काही जण एकेक घास लांबवत. चिडचिड आणि उदासी वाढली, माणसे एकलकोंडी झाली. आधी ठणठणीत असलेल्या मनावर केवळ उपासमारीने हा परिणाम झाला. म्हणजे डाएटने सुरुवात झाली तरी पुढे उपासमार स्वतःच मेंदूला वेठीस धरते. आजारी व्यक्तीला हट्टी म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

या आजाराचे वर्णन नवे नव्हते. पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल यांनी १८७३-७४ मध्येच त्यावर लिहिले होते. पण शंभर वर्षांनंतरही त्यावर उपचार करणारे मोजकेच होते. १९७९ मध्ये रिचर्ड झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनातून सुटण्यासाठी क्लिनिकमध्ये दाखल झाला आणि बरा होऊन परतला. त्याचे व्यसन आजार म्हणून ओळखले गेले. कॅरनच्या उपाशी राहण्याला मात्र तेव्हा तसे नाव मिळाले नव्हते.

त्याच सुमारास तिने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्वतंत्र अल्बम ध्वनिमुद्रित केला. १९८० मध्ये तो बाजूला ठेवण्यात आला आणि प्रकाशित झाला थेट १९९६ मध्ये. १९८० मध्येच तिने लग्न केले, ते फार काळ टिकले नाही. गाणी, वेळापत्रक, घर, लग्न यांपैकी फारसे काही तिच्या हातात राहिले नव्हते. या आजारावर मूलभूत काम करणाऱ्या हिल्डे ब्रुख यांनी १९७८ मध्ये ‘द गोल्डन केज’ या पुस्तकात अशाच कर्तबगार, आज्ञाधारक मुलींविषयी लिहिले होते. त्यांना स्वतःच्या आयुष्यात केवळ शरीरावरच सत्ता गाजवता येते, असे ब्रुख यांचे निरीक्षण होते.

१९८२ च्या सुरुवातीला कॅरन आपणहून न्यूयॉर्कला स्टीव्हन लेव्हेनक्रॉन या मानसोपचारकांकडे गेली. उपचारांदरम्यान लक्षात आले की ती जुलाबाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेत होती आणि गरज नसताना थायरॉइडचे औषधही. सप्टेंबरमध्ये तिला रुग्णालयात दाखल करून शिरेवाटे पोषण देण्यात आले. काही आठवड्यांत वजन बरेच वाढले. नोव्हेंबरमध्ये ती कॅलिफोर्नियाला परतली आणि पुन्हा कामाचे बेत आखू लागली.

पण वर्षानुवर्षांच्या उपासमारीत शरीर चरबीनंतर स्नायू वापरू लागते आणि हृदय हाही स्नायूच आहे. ते आक्रसते, ठोके मंदावतात. जुलाब आणि उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटते, त्याने ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते. कॅरनच्या शवविच्छेदनाच्या अहवालात अॅनोरेक्सियाबरोबर, उलटी करवणाऱ्या औषधातील एका द्रव्याचा हृदयावर झालेला विषारी परिणाम नोंदला गेला. ती असे औषध घेत होती, हे तिच्या भावाने मान्य केले नाही. थकलेल्या हृदयाविषयी मात्र दुमत नव्हते. काटा पुढे सरकल्याचे सगळ्यांना दिसले होते, आतली झीज कोणाला दिसली नाही.

अशा आजाराला एकच कारण नसते. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी निगडित आठ जागा सापडल्या आणि मानसिक आजारांबरोबरच चयापचयाशीही त्याचा संबंध दिसला. परिपूर्णतेचा ध्यास, चिंता, वजनावरून टोमणे, शरीराकडे रोखलेल्या नजरा यांची त्यात भर पडते. आईवडिलांमुळेच आजार होतो, ही जुनी समजूत मागे पडली आहे. ऐंशीच्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात पालकांनाच उपचारात सहभागी करून घेण्याची पद्धत पुढे आली. किशोरवयीन मुलामुलींसाठी ती आज प्रमुख उपचारांपैकी एक मानली जाते.

खाण्याचे विकार मुलींना होतात तसे मुलांनाही, आणि वजन सामान्य असतानाही होऊ शकतात. सर्वांबरोबर जेवायला टाळाटाळ, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे, आजारपणातही न चुकणारा व्यायाम, बंद झालेली पाळी, सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, ही लक्षणे दिसली तर घरच्यांनी वादात न पडता डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही गाठावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. चक्कर येऊन पडणे किंवा छातीत धडधडणे सुरू झाल्यास मात्र फोनवर न थांबता थेट रुग्णालयात न्यावे. उपचार सुरू झाल्यावर वजन वाढले, तरी हृदयाच्या आणि रक्ताच्या तपासण्या व मानसोपचार चालूच ठेवावे लागतात. कॅरनच्या बाबतीत वजन वाढल्यावर सगळ्यांना वाटलेला दिलासा खरा होता, फक्त तो फार लवकर वाटला.