संत्र्याची साल, एक नोबेलविजेता आणि रद्द झालेलं ‘व्हिटॅमिन पी’

सफरचंद कापून ठेवलं की थोड्या वेळात तपकिरी पडतं. लिंबाची फोड मात्र तशी पडत नाही. का? याच साध्या प्रश्नामागे लागून हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांनी नोबेल मिळवलं.

त्यांचा जन्म १८९३ सालचा, बुडापेस्टचा. डॉक्टरकी शिकत असतानाच पहिल्या महायुद्धात आघाडीवर जावं लागलं. युद्धाचा इतका वीट आला की १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच हातावर गोळी झाडली, जखमी म्हणून घरी आले आणि शिक्षण पूर्ण केलं.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी प्राण्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, संत्री आणि कोबीतून ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ वेगळा केला. आजच्या भाषेत अँटीऑक्सिडंट! त्याची नेमकी रचना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी गमतीत ‘इग्नोझ’, म्हणजे ‘ठाऊक नसलेली साखर’, असं नाव सुचवलं. संपादकांनी ते नाकारलं. १९३२ मध्ये कळलं, हेच व्हिटॅमिन सी. सेगेद गावच्या प्रसिद्ध पाप्रिका मिरचीतून त्यांनी ते किलोच्या हिशेबात काढलं. १९३७ मध्ये नोबेल मिळालं.

पण सालीची गोष्ट वेगळीच आहे. नाजूक रक्तवाहिन्यांमुळे रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला लिंबू-मिरचीच्या कच्च्या अर्काने गुण आला होता, शुद्ध व्हिटॅमिन सी मात्र चाललं नाही! म्हणजे शुद्ध करताना काहीतरी कामाचं निघून जात होतं. ते होते फ्लेवोनॉइड्स. त्यातलं हेस्पेरिडिन संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात भरपूर असतं, जो आपण सरळ कचऱ्यात टाकतो. १९३६ मध्ये सेंट-ज्योर्जींनी या पदार्थांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं.

इथे मात्र त्यांनी घाई केली. गिनीपिगवरचे निष्कर्ष पुन्हा तसेच मिळेनात. हे पदार्थ न मिळाल्याने ठरावीक आजार होतो, असंही सिद्ध झालं नाही. १९५० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या समितीने ‘व्हिटॅमिन’ हा शब्द इथे वापरू नका, अशी शिफारस केली. त्यांनी सुचवलेलं हे दुसरं नावही गेलं.

तोवर ते अमेरिकेत स्थायिक झाले होते. १९८६ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. व्हिटॅमिन पी कुणाला आठवत नाही, पण पायांच्या फुगलेल्या शिरा आणि मूळव्याध यांवरच्या काही गोळ्यांत आज हेस्पेरिडिन आणि त्यापासून बनवलेलं डायोस्मिन असतं.