एडवर्ड फ्रँकलंड : विहिरीच्या पाण्याचा पूर्वेतिहास सांगणारे रसायनशास्त्रज्ञ

पाणी नितळ आहे, वास येत नाही, चवही चांगली आहे. म्हणजे ते पिण्यास योग्य, असा समज पूर्वापार चालत आला आहे. एकोणिसाव्या शतकात या समजाला रसायनशास्त्राच्या आधारे धक्का देणाऱ्यांत एडवर्ड फ्रँकलंड आघाडीवर होते.

फ्रँकलंड यांचा जन्म १८ जानेवारी १८२५ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात झाला. लँकेस्टरच्या एका औषधविक्रेत्याकडे त्यांनी उमेदवारी केली. पुढे जर्मनीत मारबुर्ग येथे बुन्सेन यांच्या हाताखाली संशोधन करून १८४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची संयोगशक्ती ठरावीक असते, हा त्यांनी १८५२ मध्ये मांडलेला विचार म्हणजे शालेय पुस्तकांतल्या संयुजेचा पाया.

१८६५ पासून लंडनच्या पाणीपुरवठ्याचे मासिक पृथक्करण त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे मेली. जंतू ओळखण्याची साधने तेव्हा नव्हती. मग पाण्यात मैला मिसळला होता की नाही, हे ठरवायचे कसे?

फ्रँकलंड यांनी नायट्रोजनचा माग घेतला. मलमूत्रातल्या नायट्रोजनचे आधी अमोनिया बनते. हवा खेळत्या मातीतून झिरपताना त्याचे नायट्रेट होते. नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत, त्यामुळे ते पाण्याबरोबर थेट भूजलात उतरते. म्हणजे मैल्याचा मागमूस नाहीसा झाला तरी नायट्रेट मागे उरते. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट यांतला नायट्रोजन मोजायचा, पावसातून येणारा वाटा वजा करायचा आणि उरलेल्यावरून पाण्यात पूर्वी किती सांडपाणी मिसळले असावे याचा अंदाज बांधायचा, अशी त्यांची पद्धत होती. क्लोराइडही ते मोजत, कारण माणसाच्या मूत्रातले मीठ पाण्यात तसेच राहते.

पाणी कंपन्यांना हे रुचणे शक्य नव्हते. रसायनशास्त्रज्ञ वँकलिन यांनीही फ्रँकलंड यांच्या पृथक्करण पद्धतीला कडाडून विरोध केला. टीकेत तथ्यही होते. नायट्रेट शेतातल्या खतातूनही येते आणि ते सापडले म्हणजे पाण्यात आज रोगकारक घटक आहेत असे सिद्ध होत नाही. फ्रँकलंड यांचे म्हणणे मात्र असे होते की, ज्या वाटेने काल मैला आला, त्याच वाटेने उद्या तो न गाळता येऊ शकतो. १८६८ मध्ये नेमलेल्या नदीप्रदूषण आयोगाचे ते सदस्य होते. आयोगाच्या १८७४ च्या अहवालात खोल विहिरींचे पाणी आरोग्यदायी, तर उथळ विहिरींचे धोकादायक ठरवले गेले.

याच काळात सांडपाणी मातीतून थांबूनथांबून झिरपवण्याचे प्रयोग त्यांनी केले. मातीला मध्ये विश्रांती व हवा मिळाली, तर ती मैल्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करत राहते, असे त्यांना दिसले. हे काम जिवाणू करतात, हे १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लेझिंग आणि म्युन्झ यांनी दाखवले. फ्रँकलंड यांचे पुत्र पर्सी पुढे याच जिवाणूंचे अभ्यासक झाले. १८९७ मध्ये एडवर्ड यांना सर हा किताब मिळाला. ९ ऑगस्ट १८९९ रोजी नॉर्वेत त्यांचे निधन झाले.

फ्रँकलंड यांच्या लेखी नायट्रेट हा केवळ पुरावा होता. ते स्वतःच घातक ठरू शकते, हे १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात कॉम्ली या डॉक्टरांनी दाखवले. विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध प्यायल्याने तान्ही बाळे निळी पडत होती. नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटली होती.

सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण नायट्रोजनचा मोठा भाग पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि शोषखड्ड्याभोवतालच्या मातीत त्याचे नायट्रेट होते. म्हणून टाकी आणि विहीर यांतले अंतर, भूजलाची खोली व उताराची दिशा पाहावी लागते. नायट्रेटबरोबर क्लोराइड व जिवाणूंची तपासणीही करावी लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते. घरात तान्हे बाळ असेल आणि पाणी विहिरीचे किंवा बोअरवेलचे असेल, तर ते प्रयोगशाळेतून तपासून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.