विश्लेषण : ‘चौघीजणी’तल्या बेथचा मृत्यू कुठून आला? लुइसा मे अल्कॉटने घरातली दुःखे किशोरवाचकांपर्यंत कशी नेली?

‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात जोई ‘लिटिल विमेन’ वाचत असतो. बेथचे दुखणे वाढते तसा तो हवालदिल होतो आणि पुस्तक फ्रीझरमध्ये ठेवायचे का, असे रेचल त्याला विचारते. पुस्तकाची भीती वाटली की ते फ्रीझरमध्ये ठेवायचे, ही जोईची जुनी सवय. हा विनोद कळायचा तर बेथचे पुढे काय होते, हे माहीत असावे लागते. मालिकेने ते गृहीतच धरले होते. मराठीत ही कादंबरी शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादातून घरोघरी पोहोचली आणि मेग, ज्यो, बेथ, ॲमी या मार्च बहिणी इथल्याही मुलींच्या ओळखीच्या झाल्या. पण बेथ ही लेखिकेची खरी बहीण होती आणि ती गेली तेव्हा या कादंबरीचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता, हे अनेक वाचकांना ठाऊक नसते.

लुइसा कोणत्या घरात वाढली?

लुइसा मे अल्कॉटचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनचा. चार बहिणींत ती दुसरी. थोरली ॲना, धाकट्या एलिझाबेथ (घरात लिझी) आणि मे. वडील ब्रॉन्सन अल्कॉट शिक्षणतज्ज्ञ आणि तत्त्वचिंतक होते. पैसे मिळवणे त्यांना कधी जमले नाही. बोस्टनमधली त्यांची शाळा आधी त्यांच्या धार्मिक मतांमुळे रोडावली आणि एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिल्यावर बंदच पडली. १८४३ मध्ये ‘फ्रूटलँड्स’ नावाच्या शेतावर त्यांनी आदर्श सामूहिक जीवनाचा प्रयोग केला. तो सात-आठ महिन्यांत कोसळला आणि त्यात घरही मोडायच्या बेताला आले होते. लुइसा तेव्हा अकरा वर्षांची होती.

कुटुंब सतत घरे बदलत राहिले. घर चालवले ते आई ॲबिगेलने आणि पुढे मुलींनी. लुइसाने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, एका घरी मोलकरीण म्हणूनही राहिली. इमर्सन आणि थोरो हे मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावातले शेजारी. श्रीमंती नव्हती, पण पुस्तके होती, बहिणींची घरगुती नाटके होती.

लिझीला नेमके काय झाले?

१८५६ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब न्यू हॅम्पशायरमधल्या वॉलपोल गावी राहत होते. आई एका गरीब घरातल्या आजारी मुलांच्या शुश्रूषेला जात असे. तिथूनच स्कार्लेट फीव्हर घरात आला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. मे बरी झाली. लिझी त्या तापातून उठली, पण सावरली नाही. पुढची जवळपास दोन वर्षे ती झिजत गेली.

शेवटचा हिवाळा काँकर्डमधल्या एका भाड्याच्या घरात गेला. लुइसा आणि आई आळीपाळीने रात्री जागवत. लिझी बारीकसारीक वस्तू शिवून खिडकीतून शाळेच्या मुलांसाठी खाली टाकत असे. एक दिवस तिने सुई बाजूला ठेवली. ती आता जड वाटत होती. हे दोन्ही तपशील पुढे जवळपास जसेच्या तसे कादंबरीत आले. १४ मार्च १८५८ रोजी लिझी गेली. वय २२. इमर्सन आणि थोरो तिची शवपेटी वाहणाऱ्यांमध्ये होते.

त्याच वर्षी कुटुंब ‘ऑर्चर्ड हाऊस’मध्ये राहायला गेले. आज तिथे संग्रहालय आहे आणि ‘लिटिल विमेन’चे घर म्हणून वाचक ते पाहायला जातात. कादंबरीतली बेथ तिथे राहते. खरी लिझी त्या घरात एक दिवसही राहिली नाही.

बहिणीचे लग्न हाही धक्का कसा?

लिझीच्या मृत्यूला काही आठवडेच झाले असतील, तोच ॲनाने जॉन प्रॅटशी लग्न ठरल्याचे घरी सांगितले. सगळ्यांसाठी आनंदाची बातमी. लुइसाला मात्र दुसरी बहीणही हातातून गेली, असे वाटले. मेगच्या लग्नाच्या नुसत्या कल्पनेने ज्यो चिडते, मेगला घरातच ठेवायचे काहीबाही उपाय शोधते, त्याचे मूळ इथे आहे. वाचक त्या प्रकरणात हसतात. ते हसण्यासाठीच लिहिलेले आहे, पण लिहिणारीला दहा वर्षांपूर्वी ते हसण्यासारखे वाटलेले नव्हते.

त्याच शरद ऋतूत ती काम शोधायला बोस्टनला गेली. काम मिळेना. जगणे संपवण्याचा विचार मनात येऊन गेल्याचे तिने घरच्यांना पत्रातून मोकळेपणाने कळवले. मग शिकवण्याचे काम मिळाले आणि ते दिवस मागे पडले.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर १८६२ मध्ये ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमधील लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. सहाएक आठवड्यांत तिलाच विषमज्वर झाला. उपचार म्हणून कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे संयुग, देण्यात आले. आजारात तिचे लांब केस कापावे लागले. पुढची पंचवीस वर्षे ती कधीच पूर्ण बरी नव्हती. याला पारा कारणीभूत असल्याचे ती स्वतः मानत असे. अलीकडे काही अभ्यासकांनी ल्युपस या व्याधीची शक्यता मांडली आहे.

कादंबरी लिहायची कल्पना कोणाची?

तिची तर नक्कीच नाही. बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेतील थॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी पुस्तक मागितले. लुइसाला त्यात रस नव्हता. स्वतःच्या बहिणी सोडल्या तर मुलींशी तिची फारशी जवळीक नव्हती. टोपणनावाने ती खून, सूड आणि फसवणुकीच्या कथा लिहीत होती आणि त्यावर घरखर्च भागत होता. तरीही मे १८६८ मध्ये तिने बहिणींवरच लिहायला घेतले. दोन-अडीच महिन्यांत पहिला भाग तयार झाला. सुरुवातीची प्रकरणे तिला आणि नाइल्स यांनाही कंटाळवाणी वाटली होती. शरद ऋतूत पुस्तक आले आणि दोन हजारांची पहिली आवृत्ती हातोहात संपली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. या पहिल्या भागात बेथ मरत नाही. ती आजारी पडते, घर हादरते, आई परत येते आणि ताप उतरतो. बेथ जाते ती १८६९ च्या वसंतात आलेल्या दुसऱ्या भागात. इंग्लंडमध्ये हा भाग ‘गुड वाइव्ज’ या नावाने वेगळा निघत राहिला. त्यामुळे फक्त पहिला भाग छापलेली आवृत्ती वाचलेल्यांच्या लेखी बेथ आजही जिवंत आहे!

बेथच्या मृत्यूत नवे काय होते?

किशोरांसाठी वेगळे साहित्य, ज्याला आज ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात, तसा वर्ग तेव्हा नव्हता. पुस्तकातल्या मुलांचे मृत्यू मात्र भरपूर होते. १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’मधली छोटी इव्हा मृत्युशय्येवरून सगळ्यांना उपदेश करते, केसांच्या बटा वाटते आणि स्वर्गाचे दर्शन घेत जाते. वाचक रडत, मग पुस्तक मिटत.

अल्कॉट हे टाळते. पुस्तकांबाहेर मरणारी माणसे संस्मरणीय काही क्वचितच बोलतात, असे तिची निवेदक सरळ सांगते. बेथ पहाटेच्या अंधारात शांतपणे जाते. ते वर्णन अगदी थोडक्यात आटोपते. खरा भार आहे तो नंतरच्या, ज्यो एकटी पडते त्या प्रकरणावर. बेथची जागा मी घेईन, असा शब्द ज्योने दिलेला असतो. तो पाळणे म्हणजे झाडू मारणे, भांडी घासणे, बेथची गाणी गुणगुणत तिची कामे करणे. पहिल्या उमाळ्यात शब्द देणे सोपे गेले होते. रोजच्या रोज ते करताना तिचा जीव मेटाकुटीला येतो, रात्री झोप लागत नाही आणि हे आयुष्यभर असेच चालणार का, या विचाराने ती चिडतेही. वडिलांशी ती पहिल्यांदा बरोबरीच्या नात्याने बोलते. शेवटी आई तिला पुन्हा लिहायला सुचवते.

दुसरीकडे ॲमी युरोपात असते. बेथ गेल्याची बातमी तिला स्वित्झर्लंडमध्ये पत्राने कळते. परतून उपयोग नाही, म्हणून ती तिथेच राहते आणि शेजारचा लॉरी तिच्याकडे धावतो. घरातल्या मृत्यूच्या वेळी लांब असलेल्या माणसाचे दुःख कसे असते, हेही या कादंबरीने तेव्हाच मांडून ठेवले. एकाच मृत्यूला चार जणी चार तऱ्हांनी सामोऱ्या जातात आणि त्यातली कोणतीही तऱ्हा चूक ठरवली जात नाही. किशोरकादंबरी म्हणून या पुस्तकाचे मोठेपण इथे आहे. ज्योने लॉरीला नाकारले यावरच्या दीडशे वर्षांच्या वादात ते काहीसे झाकून गेले आहे.

मग अल्कॉटने काय गाळले?

वेदना. लिझीच्या अंगावर मांस उरले नव्हते, केस गळाले होते, बाविशीतली मुलगी कितीतरी प्रौढ दिसू लागली होती. अखेरीस ईथरचाही आराम पडेनासा झाला होता. कादंबरीतली बेथ मात्र कधी वैतागत नाही, कुणावर रागावत नाही. ती फारच सोशिक आणि म्हणून थोडी अस्पष्ट वाटते, हा आक्षेप जुना आहे आणि तो रास्तही आहे. मुलींसाठीच्या पुस्तकात १८६९ साली जेवढे चालले असते, तेवढेच लुइसाने लिहिले. शिवाय बहीण कशी आठवावी, हे ठरवण्याचा तिचाही हक्क होता.

पुढच्या पुस्तकांत दुःख कसे आले?

‘लिटिल विमेन’ने कर्जे फिटली. नाइल्स यांच्या सल्ल्याने तिने हक्क एकरकमी विकले नव्हते, त्यामुळे पैसे येत राहिले. १८७० मध्ये ती मेला घेऊन युरोपला गेली. रोममध्ये असताना ॲनाचा नवरा जॉन प्रॅट गेल्याची बातमी आली. मागे दोन लहान मुलगे. त्यांची आबाळ होऊ नये म्हणून तिने तिथेच ‘लिटिल मेन’ लिहायला घेतले. ते १८७१ मध्ये आले. त्यात मेगचा नवरा जॉन ब्रुक मरतो. अंत्यविधीच्या संध्याकाळी शाळेतली मुले पायऱ्यांवर बसून त्याच्याविषयी बोलतात. तो श्रीमंत नव्हता, प्रसिद्ध नव्हता, मग इतकी माणसे का आली, याचा ती आपापसात उलगडा करतात. बापाच्या मृत्यूवर मुलगे एकमेकांशी बोलत आहेत, असे दृश्य त्या काळच्या बालसाहित्यात सहज सापडत नाही.

नंतर मात्र आयुष्य कादंबरीच्या मागून चालू लागले. नोव्हेंबर १८७७ मध्ये आई गेली, तेव्हा मे, म्हणजे कादंबरीतली ॲमी, चित्रकला शिकायला युरोपात होती. ती येऊ शकली नाही. लंडनमध्ये एर्न्स्ट निरिकर या स्विस तरुणाने तिला त्या दुःखात सोबत केली आणि चार महिन्यांत त्यांचे लग्न झाले. ॲमी आणि लॉरीची गोष्ट लुइसाने त्याआधी नऊ वर्षे लिहिली होती.

मेची चित्रे पॅरिसच्या सलोनमध्ये लागली. नोव्हेंबर १८७९ मध्ये तिला मुलगी झाली आणि २९ डिसेंबरला ती गेली. निरिकर यांनी तार इमर्सन यांच्या नावे पाठवली, म्हणजे कुणीतरी जवळचे माणूस ती बातमी देईल. लुइसा खाली आली तेव्हा वृद्ध इमर्सन हातात तार धरून मेच्या चित्रासमोर डोळे पुसत उभे होते. या वेळी लांब राहिलेली बहीण ती स्वतः होती.

ॲमीवर ती पुन्हा का लिहू शकली नाही?

१८८६ मध्ये आलेल्या ‘जोज् बॉइज’ या शेवटच्या भागात ॲमी आहे, पण कडेकडेने. याचे कारण लुइसाने वाचकांना पुस्तकातच सांगितले आहे. ज्या व्यक्तीवरून ॲमी घेतली ती आता सूचना करायला, चुका काढायला आणि आपल्याच पात्रावर हसायला उरलेली नाही, म्हणून तिच्यावर पूर्वीसारखे लिहिता येत नाही. आईच्या पात्राबाबतही हेच कारण. लिझीवर लिहायला तिला दहा वर्षे मिळाली होती. मेच्या बाबतीत ती मिळाली नाहीत. शिवाय मेची मुलगी आता तिच्याच घरात वाढत होती. मेच्या इच्छेनुसार ते बाळ १८८० मध्ये बोस्टनला आले. तिचे नावही लुइसा मे. हाक मारायचे ल्युलू. तिच्यासाठी लुइसा गोष्टी रचत असे.

४ मार्च १८८८ रोजी ब्रॉन्सन अल्कॉट गेले. दोन दिवसांनी, ६ मार्चला, लुइसा गेली. वय ५५. काँकर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत तिला घरच्यांजवळ पुरले. ल्युलू तेव्हा आठ वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिला वडिलांकडे युरोपात पाठवण्यात आले.