विश्लेषण : सामाजिक, ऐतिहासिक, नाट्य, कथा… हरिभाऊ आपटे एकाच लेखणीतून इतके प्रकार कसे हाताळत होते?

मराठी कादंबरीचा पाया घालणारे म्हणून हरि नारायण आपटे यांचे नाव घेतले जाते. एकीकडे घरातल्या विधवेचे दुःख आणि दुसरीकडे शिवकाळातला पराक्रम, असे दोन वेगळे प्रकार त्यांनी एकाच साप्ताहिकाच्या वाचकापुढे ठेवले. हे त्यांना कसे साधले, याचा हा आढावा.

सुरुवात कशी झाली?

8 मार्च 1864 रोजी खानदेशातील पारोळा येथे हरिभाऊंचा जन्म झाला. बालपण मुंबईत काकांकडे गेले. पुढे ते पुण्यात आले आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निधनानंतर 1882 मध्ये त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ ही विलापिका लिहिली. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर केले, तेव्हा विद्यार्थिदशेतच हरिभाऊंनी त्यावर दीर्घ टीकालेख लिहून गुरूंच्याही उणिवा दाखवल्या. गणित जमेना, त्यामुळे पदवी हुकली. वाचन मात्र थांबले नाही. संस्कृत साहित्याबरोबर शेक्सपिअर, स्कॉट, मोलिएर असे नाना प्रकारचे लेखक त्यांनी वाचले.

तेव्हा मराठी कादंबरी कशी होती?

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने 1857 मध्येच विधवांचा प्रश्न मांडला होता. पण वाचकप्रिय होत्या त्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’सारख्या अद्भुतरम्य कथा. राजपुत्र, संकटे, योगायोग आणि शेवटी मीलन, असा त्यांचा साचा. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ 1885 मध्ये आली. तिची प्रेरणा रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनविषयक कादंबरीची होती, तरी तिच्यातले जग पुण्याचे होते. परक्या साहित्याचा साचा घ्यायचा आणि त्यात आपल्या गल्लीतली माणसे बसवायची, हा त्यांचा पुढचा मार्ग इथेच दिसतो.

‘करमणूक’ने काय बदलले?

1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले. घरातल्या सर्वांनी वाचावे असे हे पत्र होते. ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू आपली कहाणी स्वतः सांगते: माहेर, सासर, वैधव्य, सक्तीचे केशवपन. संमतिवयाच्या कायद्यावरून त्याच सुमारास महाराष्ट्र पेटला होता. सभांमध्ये आणि अग्रलेखांत ज्या मुलींविषयी वाद चालत, त्यांतल्या एकीचा आवाज कादंबरीतून घरात पोहोचला. वाद घालणाऱ्याला उत्तर देता येते, यमूला काय उत्तर देणार? पाठोपाठ आलेल्या ‘मी’ या कादंबरीतही निवेदन आत्मकथनाचे आहे, पण निवेदक समाजसेवेला वाहून घेणारा तरुण आहे.

मग इतिहासाकडे का वळले?

सामाजिक कादंबऱ्यांना ते ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत. त्यांतली माणसे परिस्थितीपुढे बहुधा हरतात. ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्यांत मात्र माणसे परिस्थिती बदलतात. ‘चंद्रगुप्त’मध्ये ते मौर्यकाळात गेले, ‘वज्राघात’मध्ये विजयनगरच्या विनाशाकडे. परतंत्र समाजाला आपले दोष दाखवणे आणि त्याचा आत्मविश्वास जागवणे, ही दोन्ही कामे त्यांना आवश्यक वाटत होती, असे या दोन प्रवाहांकडे एकत्र पाहिले की लक्षात येते.

सगळेच प्रकार सारखे साधले का?

नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत योगायोग, वेषांतरे आणि रहस्ये फार आहेत. स्कॉटचा प्रभाव लपत नाही. दर आठवड्याला मजकूर देण्याच्या रेट्यात पाल्हाळ वाढला आणि ‘गणपतराव’सह काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. नाटकांत मोलिएरचे रूपांतर ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ त्यांनी केले, पण नाटककार म्हणून त्यांची ओळख ठसली नाही. कथेत मात्र ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळात सापडलेल्या रामजीची कथा आजही महत्त्वाची मानली जाते. तिचा इंग्रजी अनुवाद लंडनहून प्रसिद्ध झाला.

आज त्यांचे महत्त्व काय?

आनंदाश्रम संस्थेचे काम, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद आणि 1912 च्या अकोला साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सांभाळत त्यांनी हे लेखन केले. 3 मार्च 1919 रोजी त्यांचे निधन झाले. मराठीत आजही सामाजिक कादंबरीचा वाचक आणि ऐतिहासिक कादंबरीचा वाचक वेगळे धरले जातात. हरिभाऊंनी ही वाटणी मानली नाही. यमूसाठी हळहळणारे घरच पुढे तानाजीसाठी श्वास रोखून पुढच्या अंकाची वाट पाहील, हा भरवसा त्यांनी वाचकावर टाकला, आणि पाव शतकाहून अधिक काळ चाललेल्या ‘करमणुकी’ने तो खरा ठरवला.