प्रयोगशाळेत 'आकाशातली वीज' पाडणारे स्टाइनमेट्झ. सबस्टेशनमधल्या अरेस्टरशी त्यांचे नाते काय?

सबस्टेशनच्या कुंपणाबाहेरून पाहिले, तर लाइन आत येते तिथे, ट्रान्सफॉर्मरला लागून चकत्या रचल्यासारखे उभे खांब दिसतात. हे लायटनिंग अरेस्टर. एरवी ते गप्प असतात. लाइनवर वीज कोसळली, की क्षणभर रस्ता मोकळा करून तिला जमिनीत सोडतात आणि पुन्हा बंद होतात. अशा उपकरणाची चाचणी घ्यायची कशी? त्यासाठी ढगांची वाट पाहणे परवडणारे नव्हते. ते काम प्रयोगशाळेत आणले चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ यांनी.

जन्म ९ एप्रिल १८६५, ब्रेस्लाऊ. आजचे पोलंडमधले व्रोत्सवाफ. पाठीला जन्मजात कुबड, उंची जेमतेम चार फूट. विद्यार्थीदशेतच समाजवादी चळवळीत पडले आणि अटकेची चाहूल लागताच १८८८ मध्ये झुरिचला निसटले. १८८९ मध्ये न्यूयॉर्क बंदरात त्यांना परत पाठवण्याचीच वेळ आली होती; सोबतच्या मित्राने हमी दिली म्हणून ते आत गेले.

याँकर्स इथल्या आयकेमायर यांच्या कारखान्यात नोकरी लागली. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा किती तापेल, हे तोवर यंत्र बनवल्यावरच नीट कळायचे. १८९२ मध्ये स्टाइनमेट्झ यांनी हिस्टेरिसिसचा नियम मांडला आणि ते आधीच मोजता येऊ लागले. पुढे जनरल इलेक्ट्रिकने हा कारखाना घेतला आणि १८९४ पासून ते स्केनेक्टडीत स्थिरावले. एसी सर्किटची गणिते 'जे' वापरून सोडवण्याची पद्धतही त्यांनीच रुळवली. इंजिनिअरिंगच्या मुलांनी कोणाला दुवा द्यायचा (की शिव्या), ते ठरवावे!

१९२० मध्ये मोहॉक नदीकाठच्या त्यांच्या लाकडी घरावर वीज पडली. आरशाचा चक्काचूर झाला. त्यांनी तुकडे गोळा केले, कोड्यासारखे जुळवून काचांमध्ये बसवले आणि वीज कुठून कशी गेली, हे तपासले. १९२२ मध्ये त्यांचे यंत्र तयार झाले: काचेच्या पट्ट्यांचे कपॅसिटर हळूहळू भरायचे आणि सगळा भार एका झटक्यात सोडायचा. सुमारे १,२०,००० व्होल्ट, १०,००० अँपिअर. वेळ सेकंदाचा साधारण एक लाखावा भाग. लाकडाचे ठोकळे फुटायचे, इन्सुलेटरच्या ठिकऱ्या उडायच्या. ते पाहायला त्याच वर्षी एडिसनही आले होते.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी आजही लाइनमनच्या जिवाशी निगडित आहेत. एक, कपॅसिटर पुरवठा तोडल्यावरही भार धरून ठेवतो. म्हणूनच कारखान्यातल्या कपॅसिटर बँकेला, स्विच बंद केला तरी, ठरलेला वेळ थांबून, डिस्चार्ज करून, अर्थ केल्याशिवाय हात लावत नाहीत. दोन, दूर कुठेतरी पडलेली वीज बंद लाइनवरूनही धावत येऊ शकते. त्यामुळे परमिट हातात आले, टेस्टरने लाइन मृत दाखवली, तरी कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही फेज शॉर्ट करून अर्थिंग लावावे लागते. अरेस्टर यंत्राला वाचवण्यासाठी आहे. खांबावर चढलेल्या माणसाची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

यंत्र सुरू होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच २६ ऑक्टोबर १९२३ रोजी स्केनेक्टडीतल्या घरी स्टाइनमेट्झ यांचे निधन झाले. वय होते ५८.